जमिनीखालचा वायू आणि जमिनीवरचे गाव

३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या धक्क्याला एक जहाज लागले. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या साबीन पास येथून निघालेल्या त्या जहाजात द्रवरूप नैसर्गिक वायू होता. वर्षाला ३५ लाख टन वायू वीस वर्षे घेण्याचा जो करार ‘गेल’ने २०११ साली केला, त्याचा हा पहिला हप्ता. तत्कालीन पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान स्वागताला जातीने उपस्थित होते. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, भारत-अमेरिका ऊर्जामैत्रीचे कौतुक झाले आणि विषय संपला. ज्या दाभोळ-गुहागर परिसराने एन्‍रॉनच्या काळात मोर्चे, अटका आणि लाठ्या पाहिल्या, त्याच किनाऱ्यावर हा वायू उतरत होता. तो कोणाच्या शेताखालून आला, हे मात्र कोणी विचारले नाही.

अमेरिकेच्या निर्यातीमागे शेल नावाच्या खडकातून काढलेला वायू आहे. तो काढण्याच्या पद्धतीला फ्रॅकिंग म्हणतात. या पद्धतीवरून अमेरिकेतील शेकडो गावांत जो संघर्ष झाला, त्याची माहिती मराठी वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. पोहोचली ती बहुधा चित्रपट तारे-तारकांच्या निदर्शनांच्या रूपाने. खरा संघर्ष निवृत्त शिक्षक, दूधउत्पादक, गृहिणी आणि दोन बिनपगारी वकिलांनी लढवला आणि त्याचे मुख्य हत्यार होते गावाचा ठराव. ग्रामपंचायतीच्या अधिकारांविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

खडक फोडून वायू

नैसर्गिक वायू साधारणपणे सच्छिद्र खडकात साठतो. भोक पाडले की तो आपल्या दाबाने वर येतो. शेलचे तसे नाही. हा घट्ट, पापुद्र्यांचा खडक असतो आणि वायू त्याच्या कणाकणांत अडकलेला असतो. म्हणून दीड-दोन किलोमीटर सरळ खाली खोदायचे, तेथून खोदाई आडवी वळवून शेलच्या थरातूनच एक-दोन किलोमीटर न्यायची आणि मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू व रसायने सोडून तो खडक तडकवायचा. तडे वाळूमुळे उघडे राहतात आणि त्यांतून वायू सुटतो. न्यूयॉर्क राज्याच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणे अशा एका विहिरीला २४ लाख ते ७८ लाख गॅलन, म्हणजे सुमारे ९० लाख ते ३ कोटी लिटर पाणी लागते. त्यातील काही भाग खारट, रसायनमिश्रित आणि काही ठिकाणी रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये घेऊन परत वर येतो. त्याचे काय करायचे, हा वेगळाच प्रश्न.

तंत्र अगदीच नवे नाही. खडक फोडण्याचा पहिला प्रयोग कॅन्सस राज्यात १९४७ साली झाला. त्यात सुधारणा करून टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९०च्या दशकात शेलचा वायू परवडणारा केला आणि पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेचे ऊर्जाचित्र पालटले. २००५ साली अमेरिकी संसदेने ऊर्जा धोरण कायदा केला. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी १९७४ साली केलेल्या कायद्याच्या कक्षेतून फ्रॅकिंगला, डिझेलचा वापर वगळता, त्यात मोकळीक देण्यात आली. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी हे पूर्वी हॅलिबर्टन या कंपनीचे प्रमुख होते. हीच कंपनी या तंत्रात अग्रेसर. अमेरिकेतील लोक या तरतुदीला ‘हॅलिबर्टनची पळवाट’ म्हणू लागले, यात नवल नाही. केंद्रीय कायद्याने हात झटकल्यावर राज्य सरकार आणि गाव एवढेच उरले.

ड्रायडनचा ठराव

न्यूयॉर्क म्हटले की गगनचुंबी इमारती डोळ्यांसमोर येतात. पण त्या नावाचे राज्य बरेच मोठे आहे आणि त्याच्या दक्षिण पट्ट्यात टेकड्या, कुरणे व गाईगुरांची शेते पसरली आहेत. मार्सेलस नावाचा जो विशाल शेलथर न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, पश्चिम व्हर्जिनिया असा पसरला आहे, त्याला नावही न्यूयॉर्कमधल्याच मार्सेलस या गावावरून मिळाले. अमेरिकेतील पहिली व्यापारी वायूविहीर १८२१ साली खोदली गेली तीही याच राज्यातील फ्रेडोनियात. वायूशी या भूमीचे वैर मुळीच नव्हते.

२००६-०७पासून कंपन्यांचे दलाल शेतकऱ्यांच्या दारी येऊ लागले. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज सामान्यतः जमीनमालकाचे असते, त्यामुळे मालकाची सही आवश्यक असते. सुरुवातीला एकरी काही डॉलरवर भाडेपट्टे लिहून घेतले गेले. भाव कळल्यावर पुढच्यांनी एकरी दोन हजार डॉलरहून अधिक मिळवले. पण त्या राज्याच्या कायद्यात एक कलम होते. ठरलेल्या क्षेत्रापैकी ६० टक्के जमिनीचे पट्टे कंपनीच्या हाती आले की उरलेल्या मालकांची इच्छा असो वा नसो, त्यांच्या जमिनीखालचा वायूही काढता येत असे. शेजाऱ्यांनी सही केली की नकार देणाऱ्याच्या नकाराला काही अर्थ उरत नव्हता. एकेकट्या शेतकऱ्याने ‘नाही’ म्हणून भागणार नाही, गावानेच म्हणावे लागेल, ही जाणीव या कलमातून आली.

इथाका शहराला लागून ड्रायडन नावाचे टाउन आहे. टाउन म्हणजे आपल्याकडील गटग्रामपंचायतीसारखी रचना: काही वाड्या, शेते, एक निवडून आलेले मंडळ आणि सुमारे चौदा हजार वस्ती. २०११पर्यंत त्या टाउनमधील २२ हजार एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे अ‍ॅन्शुट्झ या कंपनीकडे होते. गावकऱ्यांनी नकाशे मिळवले, कोणाचा पट्टा कोठे आहे ते रंगवून पाहिले, घरोघर फिरून सुमारे दीड हजार सह्या गोळा केल्या आणि निवेदन मंडळापुढे ठेवले. घोषणाबाजी थोडी, कागद पुष्कळ, असे या कामाचे स्वरूप होते.

मंडळाची अडचण खरी होती. न्यूयॉर्कच्या तेल-वायू कायद्यात १९८१ सालापासून असे स्पष्ट लिहिलेले होते की, तेल व वायू उद्योगाच्या नियमनाविषयीचे सर्व स्थानिक नियम या कायद्यापुढे निष्प्रभ ठरतील. अपवाद फक्त स्थानिक रस्त्यांचा आणि मालमत्ता कराचा. कोणताही वकील हे वाचून ‘गावाला अधिकार नाही’ असेच सांगत होता.

येथे हेलन स्लॉटजी आणि त्यांचे पती डेव्हिड यांचा प्रवेश होतो. दोघेही बोस्टनमधील मोठ्या वकिली कंपन्यांत काम केलेले आणि नंतर इथाका परिसरात येऊन राहिलेले. एक पैसाही न घेता त्यांनी तो कायदा शब्दशः वाचला आणि त्यातील ‘नियमन’ या एका शब्दावर बोट ठेवले. वायू कसा काढावा, विहिरीला किती जाडीचे अस्तर घालावे, हे ठरवणे म्हणजे नियमन, ते राज्याचे. पण गावाच्या हद्दीत कोणता उद्योग कोठे चालेल आणि कोणता चालणारच नाही, हे ठरवणे म्हणजे भू-वापर. आणि तो अधिकार गावाला घटनेने व कायद्याने फार पूर्वीपासून दिलेला आहे. १९८७ साली खडीच्या खाणीबाबत त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हाच भेद मान्य केला होता. त्या निकालाचा आधार घेऊन या दांपत्याने गावोगाव जाऊन मंडळांना ठराव कसा लिहायचा ते शिकवले. २०१४ साली हेलन स्लॉटजी यांना या कामासाठी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे तसे विशेष नाही. विशेष आहे ते असे की, सारे तज्ज्ञ ‘मार्ग बंद आहे’ म्हणत असताना कोणीतरी कायदा स्वतः उघडून वाचला.

२ ऑगस्ट २०११ रोजी ड्रायडनच्या मंडळाने आपल्या भू-वापर नियमांत दुरुस्ती करून वायूसाठीच्या खोदाईला मज्जाव केला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅन्शुट्झने खटला भरला. मिडलफिल्ड नावाच्या दुसऱ्या टाउनने जूनमध्ये असाच ठराव केला होता. त्याच्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले, तर आपल्या जमिनीचा पट्टा २००७ साली दिलेली एक स्थानिक दूधउत्पादक संस्था. फेब्रुवारी २०१२मध्ये दोन्ही कनिष्ठ न्यायालयांनी गावांच्या बाजूने निकाल दिला. अ‍ॅन्शुट्झच्या जागी नॉर्स एनर्जी ही नॉर्वेच्या मूळ कंपनीची शाखा आली, ती दिवाळखोरीत गेली, मग तिचा विश्वस्त वादी म्हणून उभा राहिला. मे २०१३मध्ये अपिलातही गावेच जिंकली. अखेर ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने तोच निर्णय कायम केला. न्यायमूर्ती व्हिक्टोरिया ग्राफिओ यांनी निकालात आवर्जून नमूद केले की, फ्रॅकिंग हितकर की अहितकर हा प्रश्न न्यायालयापुढे नाही. निर्णय कोणी घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

तोपर्यंत न्यूयॉर्कमधील १७०हून अधिक गावे व नगरांनी बंदीचे वा स्थगितीचे ठराव केले होते. राज्याच्या पर्यावरण अहवालावर लोकांनी पाठवलेल्या सूचना-हरकतींची संख्या २,६०,०००च्या वर गेली. १७ डिसेंबर २०१४ रोजी राज्याचे आरोग्य आयुक्त हॉवर्ड झुकर यांनी आपला अहवाल मांडताना, अशा विहिरींच्या परिसरात स्वतःचे कुटुंब राहू देण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे सांगितले. राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांच्या सरकारने बंदी जाहीर केली आणि २०२०मध्ये ती कायद्यात आली.

ज्यांना सही करायची होती

ही कथा येथेच थांबवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. न्यूयॉर्कच्या दक्षिण पट्ट्यातील शेतकरी गरिबीत होते. दुधाला भाव नाही, मुले गाव सोडून गेलेली, घरपट्टी भरताना जीव मेटाकुटीला येतो, अशा स्थितीत पट्ट्याची रक्कम म्हणजे शेत टिकवण्याचा शेवटचा उपाय होता. हजारो जमीनमालकांनी संघटित होऊन बंदीला विरोध केला. सीमेपलीकडे पेनसिल्व्हेनियात शेजारी नवे ट्रॅक्टर घेताना ते पाहत होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: जमीन आमची, कर आम्ही भरतो, आणि निर्णय शहरातून येऊन बसलेल्या प्राध्यापकांनी घ्यायचा? त्याला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. ज्या राज्याने आपली जमीन राखली, ते आजही आपली जवळजवळ निम्मी वीज नैसर्गिक वायू जाळूनच करते आणि तो वायू मुख्यतः पेनसिल्व्हेनियातून येतो. नकार देणाऱ्याचे स्वयंपाकघर शेजाऱ्याच्या होकारावर चालते, हे कबूल केलेच पाहिजे.

आंदोलनाच्या प्रचारातही दोष होते. ‘गॅसलँड’ या २०१० सालच्या माहितीपटात नळाच्या पाण्याला काडी लावताच ते पेटते, असे दृश्य आहे. ते जगभर गाजले. पण कोलोरॅडो राज्याच्या तेल-वायू नियामकांनी तपासणी केली तेव्हा त्यांतील काही विहिरींतला मिथेन नैसर्गिकच आढळला. एका विहिरीत मात्र खोदाईतून आलेल्या वायूचे मिश्रण होते. ड्यूक विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासाने खोदाईच्या एक किलोमीटर परिसरातील पाण्यात सरासरी सतरा पट मिथेन नोंदवला. त्याच अभ्यासाला फोडणीच्या रसायनांनी पाणी दूषित झाल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०१६मध्ये, काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, एवढाच निष्कर्ष काढला. सत्य इतके पुरेसे गंभीर असताना पेटत्या नळाचा आधार घेण्याची गरज नव्हती. अतिशयोक्ती उघडी पडते तेव्हा खऱ्या पीडिताचे म्हणणेही खोटे ठरवले जाते.

आणि खरे पीडित होते. पेनसिल्व्हेनियातील डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या अंगणातील पाण्याच्या विहिरीचा मिथेनमुळे स्फोट झाला. काँक्रीटचे झाकण फुटले. राज्याने कॅबट या कंपनीला तेथील काही चौरस मैलांत नवी खोदाई करण्यास मनाई केली. त्यानंतर गावकरी वर्षानुवर्षे बाटलीतले आणि टँकरचे पाणी वापरत राहिले. नोव्हेंबर २०२२मध्ये कंपनीच्या वारसदार कोटेरा या संस्थेने फौजदारी खटल्यात आरोपाला आव्हान न देता निकाल स्वीकारला आणि नळपाणी योजनेसाठी १ कोटी ६३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. जवळजवळ चौदा वर्षे. त्याच दिवसांत त्या परिसराखालून आडवी खोदाई करण्याची मुभाही कंपनीला मिळाली. टँकरची वाट पाहण्याचा अर्थ मराठवाड्यातील वाचकाला वेगळा सांगायला नको.

नकाराचा अधिकार कोणाचा?

सर्वच गावे ड्रायडनइतकी भाग्यवान ठरली नाहीत. टेक्सासमधील डेन्टन शहराच्या हद्दीतच शेकडो वायूविहिरी होत्या. नोव्हेंबर २०१४मध्ये तेथील मतदारांनी ५९ टक्के मतांनी फ्रॅकिंगवर बंदी घातली. तेल उद्योगाच्या माहेरघरात असे घडावे, हे आश्चर्यच. पण सहा-सात महिन्यांत टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा करून गावांचा तो अधिकारच काढून घेतला आणि शहराला बंदी मागे घ्यावी लागली. मतदान लोकांचे, कायदा ऑस्टिनचा.

पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानेही २०१२ साली असाच कायदा केला होता. निवासी भागातही वायू उद्योगाला जागा देणे त्याने गावांवर बंधनकारक केले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. निकालाचे मुख्य मत लिहिले ते सरन्यायाधीश रोनाल्ड कॅस्टिल यांनी, जे रिपब्लिकन पक्षाचे होते. त्यांनी आधार घेतला राज्यघटनेतील १९७१च्या दुरुस्तीचा. निसर्गसंपदा ही पुढे जन्मणाऱ्या पिढ्यांसह सर्वांची असून राज्य तिचे केवळ विश्वस्त आहे, असे ती दुरुस्ती सांगते. भूमीला माता मानणाऱ्या समाजाला विश्वस्त हा शब्द परका वाटू नये. पर्यावरण म्हणजे केवळ डाव्यांचा विषय, असे मानून तो त्यांच्या हवाली करणाऱ्यांनी कॅस्टिल यांचे नाव लक्षात ठेवावे.

भारतात हा प्रश्न येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. शेलमधील तेल-वायूसाठीचे धोरण २०१३ साली आले आणि ऑगस्ट २०१८मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अपारंपरिक इंधनांचा शोध विद्यमान क्षेत्रांतही घेण्यास मुभा दिली. गरजही खोटी नाही. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो आणि परकीय इंधनावर विसंबणे हे राष्ट्राच्या दृष्टीने दौर्बल्यच आहे. मात्र आपल्याकडे एक मूलभूत फरक आहे. तेल-वायूचा परवाना शासन देते. त्यासाठी शेतकऱ्याची सही लागत नाही. अमेरिकन शेतकऱ्याला निदान भाव करता येत होता.

तामिळनाडूत २०१७ साली हे दिसून आले. पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासल येथे वायू-प्रकल्पाला मान्यता मिळताच गावकरी झाडाखाली ठाण मांडून बसले. फ्रॅकिंग होणार नाही, असे शासन सांगत राहिले. गावाचा विश्वास बसला नाही, कारण आधी कोणी विचारलेच नव्हते. त्या आंदोलनात व्यावसायिक चळवळे शिरले, हे खरे असेल. पण बैठकीला बसलेल्या बायाबापड्या भाताच्या खाचरातून आलेल्या होत्या. फेब्रुवारी २०२०मध्ये राज्याने कायदा करून कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला. व्यंकोजीराजांच्या वंशाने ज्या तंजावरवर राज्य केले, तो जिल्हा त्यात आहे. पण त्याच्या एक महिना आधी, १६ जानेवारी २०२० रोजी, केंद्राने तेल-वायूच्या शोध-खोदाईला जनसुनावणीची गरज नसलेल्या वर्गात टाकले होते.

ग्रामसभेचा गौरव भाषणांत पुष्कळ होतो. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले. त्यांत पिण्याचे पाणी आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस आवश्यक केली, ती गौण खनिजांपुरती. तेल आणि वायू गौण खनिजांत येत नाहीत. ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला वनहक्क कायद्याचा आणि डोंगरावर वसलेल्या नियमराजाच्या पूजेचा आधार घ्यावा लागला. जेथे वन नाही आणि देवाचा डोंगरही नाही, अशा साध्या बागायती गावाकडे काय आहे? विहिरीचे पाणी आणि ग्रामसभेचे इतिवृत्त.

देशहितासाठी गावाने त्याग करावा, हे म्हणणे सोपे आहे आणि प्रसंगी ते योग्यही असते. कोयना-भाक्रा धरणांखाली गेलेल्या गावांनी तो केला. पण त्याग विचारून मागितला जातो. न विचारता घेतले त्याला दुसरा शब्द आहे. पेनसिल्व्हेनियाला लागून असलेल्या मेरीलँडने २०१७ साली आपल्या जमिनीत फ्रॅकिंगला बंदी घातली. त्याच मेरीलँडच्या कोव्ह पॉइंट बंदरातून ‘गेल’ दुसऱ्या करारान्वये वायू उचलते आणि तो ज्या शेतांखालून निघतो, त्यांच्या मालकांना दाभोळचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही.